जुनी टाटा १६१२ स्लोला थरथरते: पंप खोलायच्या आधी काय काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आलाय. वडिलांची ९० च्या दशकातली टाटा १६१२ ट्रक, सहा सिलिंडर, पावसाळ्यात चार महिने गोठ्याच्या मागं उघड्यावर उभी. आता ऊस ओढायला बाहेर काढली तर स्लोला, म्हणजे अॅक्सिलेटर न दाबता चालू असताना, थरथरते, आरसा एवढा हलतो की मागचं काही दिसत नाही, वळणावर अॅक्सिलेटर सोडला की कधी कधी बंदच पडते. सकाळी दोन-तीन सेल्फ मारावे लागतात. पण रेस दिली की गाडी गुळगुळीत. फिटर म्हणतो इंजेक्शन पंप (डिझेल दाबानं पाठवणारा) आणि सहाही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) उतरवून पंपवाल्याकडं पाठवू, तर पाठवू का?

नका पाठवू. निदान आज तरी नको. तुमचा फिटर खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, पंपातही असू शकतं, पण तुम्ही जे सांगितलंय त्यात दोन गोष्टी अशा आहेत की माझं बोट पंपाकडं जायच्या आधी डिझेलच्या टाकीकडं जातं. एक म्हणजे गाडी चार महिने पावसात उभी होती आणि दुसरी म्हणजे सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो. रात्रभर उभी राहिल्यावर लाइनीतलं डिझेल मागं टाकीत उतरत असलं तर सकाळी पहिल्यांदा हवाच येते, आणि डिझेल मागं उतरतं म्हणजे कुठून तरी हवा आत शिरतेय. गाडी हवा पकडतेय, आपल्या भाषेत.

आधी हे समजून घ्या की स्लोलाच का त्रास होतो आणि रेसला का नाही. हिशोब सोपा आहे. स्लो ६०० आरपीएम धरा. चार स्ट्रोकचं इंजिन, म्हणजे दोन फेऱ्यांत एक फवारा, म्हणजे एक नोझल मिनिटाला ३०० वेळा मारतो, तासाला १८ हजार वेळा. सहा नोझलचे मिळून १ लाख ८ हजार फवारे. आणि एवढं मोठं इंजिन नुसतं उभं चालू ठेवलं तर तासाला साधारण लिटरभर डिझेल पितं. आता एक लिटर भागिले एक लाख करून बघा, एका फवाऱ्याला डिझेलचा एक अख्खा थेंबही येत नाही. एवढ्याशा मापात बारीक बुडबुडा घुसला की तो दाबला जातो, डिझेलसारखा पुढं ढकलला जात नाही, आणि तेवढा फवारा बुडाला. रेसला माप मोठं असतं, इंजिनही जोरात फिरत असतं, एखादा फवारा कमी-जास्त झाला तर फ्लायव्हील ओढून नेतं, कळत नाही. म्हणून रेसला गुळगुळीत आहे याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होत नाही, चूक छोटी आहे एवढाच होतो.

दुसरी गोष्ट, ही गाडी कॉम्प्युटर लावून दोष दाखवणाऱ्या स्कॅनरची नाही. ६९७ इंजिन, ५६७५ सीसी, बोअर ९७ आणि स्ट्रोक १२८, मर्सिडीजच्या ओएम ३५२ चं माप अगदी हेच. डिझेलचं माप ठरवणारा एकही सेन्सर नाही. त्यामुळं कान आणि हात हाच स्कॅनर, आणि पहिलं काम पाना घ्यायचं नाही, ऐकायचं. गाडी गरम करा, स्लोला ठेवा, सायलेन्सरच्या तोंडापासून दोन हात लांब उभं राहून डोळे मिटून ऐका. तीन वेगवेगळे प्रकार असतात आणि लोक तिन्हीला एकच नाव देतात, "गाडी हलतेय".

एकसारखा ठेका पडत असला, धड-धड-धड-खट, धड-धड-धड-खट असा, आणि तो चुकत नसला तर एखादं सिलिंडर काम करत नाहीये, म्हणजे मिसिंग. ठेका नाही पण इंजिन आपोआप चढतंय-उतरतंय, हुंऽऽ-हूंऽऽ करतंय, पाळण्यासारखं, तर ते हंटिंग, म्हणजे हवा नाहीतर गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा पंपाचा भाग). आणि आवाज अगदी सरळ आहे, सायलेन्सरवर तळहात धरला तर धुराचे दणके एकसारखे लागतायत, तरी केबिन हलतेय, तर इंजिनला काही झालेलं नाही, फाउंडेशनचं रबर (ज्यावर इंजिन चेसीवर टेकतं ते) बसलंय. या तिसऱ्या प्रकारात लोकांनी पंप उतरवून दिलेले मी डोळ्यांनी बघितलेत. स्लो जरासा वाढवून बघा, शंभरएक आरपीएमनं, थरथर लगेच गेली आणि आवाज आधीही साफच होता तर टॉर्च घेऊन फाउंडेशन बघा, रबर चिरलेलं असतं किंवा तेल पिऊन फुगलेलं असतं. आणखी एक, एअर ब्रेकची गाडी आहे, टाकी भरून फुस्स झालं की कंप्रेसरचा भार सुटतो आणि स्लोचा आवाज जरासा बदलतो, ते नॉर्मल आहे, त्याला हंटिंग समजून मागं लागू नका.

तुम्ही म्हणताय कधी थरथरते, कधी बंद पडते, म्हणजे एकसारखा ठेका नसावा. तर टाकीपासून सुरू करू.

टाकीच्या बुडाचा ड्रेन प्लग ढिला करून पहिलं अर्धा-एक लिटर पारदर्शक बाटलीत घ्या, थम्सअपची मोकळी बाटली चालते. पंधरा-वीस मिनिटं हलवू नका. पाणी असलं तर खाली बसतं, वर डिझेल, मधे रेघ स्वच्छ दिसते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की आतल्या हवेतला दमटपणा पत्र्यावर जमतो आणि खाली उतरतो, शिवाय झाकणाचं रबर गेलं असेल तर पाऊस थेटच जातो. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं काळी-तपकिरी बुळबुळीत घाण धरते, तीच पुढं फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) जाळीवर जाऊन बसते. तसं दिसलं तर टाकी उतरवून धुवा, नुसतं वरून नवीन डिझेल ओतून काही होत नाही. दोन्ही फिल्टर बदला, वाट्या आतून पुसा. फिल्टरमध्ये पैसे वाचवू नका, ते स्वस्त आहेत, पंपाचे एलिमेंट (आतले डिझेल दाबणारे दट्टे) नाहीत.

आता हवा. फीड पंपाच्या मागची सगळी लाइन ओढणारी आहे, ढकलणारी नाही, म्हणून तिथं भोक असलं तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. माणूस ओला डाग शोधत बसतो आणि डाग सापडतच नाही. ओढणाऱ्या बाजूची गळती कोरडी असते बघा.

हे मी फुकट शिकलो नाही. धंद्याला लागून चारेक वर्षं झाली होती, एक टँकरवाला आला, गाडी स्लोला हंटिंग करतेय म्हणून. मी हुशार, थेट पंप उतरवला, पाठवला, कॅलिब्रेशन (डिझेलचं माप जुळवणं) झालं, बसवला, गाडी झकास. तो गेला आणि चौथ्या दिवशी शिव्या देत परत. मी चालू करून बघतो तर गाडी परत झकास. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला आमच्याकडं काम करणारा म्हातारा वेल्डर, इंजिनातलं त्याला काही कळत नव्हतं, तो सहज म्हणाला, हा येताना दर वेळी डिझेल भरून येतो का रे. येत होता. पेट्रोल पंप आमच्या दुकानाच्या अलीकडंच होता, टाकी फुल करायची आणि मग दुकानात यायचं ही त्याची सवय. टाकीतली ओढणारी नळी उपसली तर वरून वीतभर अंतरावर वेल्डिंगपाशी केसासारखी चीर. टाकी भरलेली असली की चीर डिझेलखाली, हवा येणार कुठून? अर्ध्याखाली आली की चीर उघडी, हवा सुरू. त्या नळीला पितळेचा टाका मारायला चहा यायच्या आत काम झालं आणि पंपाचे पैसे मी त्या माणसाला अर्धे परत केले, सगळे द्यायला तेव्हा माझ्याकडं नव्हते.

तर तुम्हीही बघा, टाकी किती भरलेली असताना त्रास होतो. आणि तपासायची सरळ युक्ती अशी की पाच लिटरचा कॅन घ्या, स्वच्छ गाळलेलं डिझेल भरा, टाकीकडून फीड पंपाला येणारी नळी सोडा आणि तिच्या जागी पारदर्शक प्लास्टिकची नळी लावून तिचं दुसरं टोक कॅनमध्ये बुडवा. कॅन गाडीवरच फीड पंपाच्या उंचीला कुठंतरी पक्का बांधा, फॅनपासून आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब. हवा काढा, चालू करा. स्लो सुधारला तर दोष टाकी ते फीड पंप यामध्येच आहे, पुढं काही खोलायची गरज नाही. नाही सुधारला तर पुढं. आणि उलटंही करता येतं, तीच पारदर्शक नळी फीड पंपाच्या पुढं, फिल्टरकडून पंपाला जाणाऱ्या लाइनीत लावा आणि बघत बसा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे जातील, ते सोडा. पाच मिनिटांनंतरही मोत्यांच्या माळेसारखे बारीक बारीक येत राहिले तर गाडी हवा पकडतेय, नक्की.

कुठून पकडते? टाकीतली नळी झाली. मग चेसीवरून येणारी रबरी नळी, वरून चांगली दिसते पण क्लिपखाली वाकवून बघा, चिरा पडलेल्या असतात, चार महिने उन्हा-पावसात उभ्या गाडीचं रबर हमखास कडक होतं. मग बँजो बोल्टचे (नळीच्या गोल कडीतून जाणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर. हे वॉशर एकदा दाबले गेले की कडक होतात, परत तेच लावले की बसत नाहीत. नवीन लावा, आणि रविवारी दुकान बंद असेल तर जुनाच गॅसवर लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका, पॉलिश पेपरवर सपाट घासा, तांबं मऊ होतं आणि परत बसतं. बोल्ट जास्त आवळून हवा बंद होत नाही, बँजो तडकतो फक्त. मग फीड पंपाच्या जाळीच्या वाटीचं रबर, आणि शेवटी हात प्रायमर (हातानं दाबून डिझेल ढकलायचा छोटा पंप). प्रायमर मारून झाल्यावर त्याची मूठ खाली दाबून फिरवून पूर्ण आवळायची असते, ती अर्धवट राहिली तर तिथूनच हवा ओढते. क्लीनर पोरं घाईत सोडून देतात. तुमच्या गाडीत हे आत्ता जाऊन बघा, हाताचं काम आहे.

हवा काढताना क्रम सोडू नका. प्रायमर मारत राहायचं, आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला, फेस येईल, फेस संपून सलग धार आली की धार चालू असतानाच बंद करायचा. मग दुसऱ्या फिल्टरचा. मग इंजेक्शन पंपाच्या अंगावरचा. प्रायमर सोडून मग स्क्रू बंद केला तर तेवढ्यात हवा परत आत जाते आणि माणूस तासभर हात दुखवून घेतो. सगळं झाल्यावरही चालू होत नसली तर नोझलच्या बाजूचे दोन प्रेशर पाइप ढिले करून सेल्फ मारा, डिझेल उडायला लागलं की आवळा. सेल्फ सलग दाबून धरू नका, बॅटरी आणि सेल्फ दोन्ही जातील.

इथपर्यंत बहुतेक गाड्या बऱ्या होतात. नाही झाली आणि नीट ऐकल्यावर तुम्हाला ठेका एकसारखा वाटायला लागला, तर मग सिलिंडर शोधायचं. इंजिन गरम, स्लोला. नोझलवरच्या प्रेशर पाइपचा नट एक एक करून अर्धा-एक फेरा ढिला करायचा, त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर जातं, ते सिलिंडर बंद. चांगलं चालणारं सिलिंडर बंद केलं की इंजिन लगेच खाली बसतं, आवाज बदलतो, हलणं वाढतं. ज्याचा नट ढिला करूनही काहीच फरक पडत नाही ते आधीच मेलेलं होतं. परत आवळून पुढच्याकडं. नटावर फडकं धरा, डोळ्यांना चष्मा लावा, आणि हात कधीही नोझलच्या फवाऱ्यासमोर किंवा फुटलेल्या प्रेशर पाइपसमोर न्यायचा नाही. नोझल २०० बारच्या आसपास उघडतो, तो फवारा चामडीतून आत घुसतो, वरून सुईच्या टोकाएवढं दिसतं आणि आत बोट सडतं. तसं कधी झालंच तर हळद लावून घरी बसू नका, त्याच तासाला सरकारी का असेना पण मोठं हॉस्पिटल गाठा आणि डिझेल प्रेशरनं आत गेलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगा.

समजा ३ नंबर मेलेला सापडला. आता लगेच नोझल बदलायला जाऊ नका, आधी अदलाबदल करा. ३ चा नोझल ५ ला, ५ चा ३ ला. मिसिंग ५ ला गेलं तर नोझल खराब, पैसे फक्त एका नोझलचे. मिसिंग ३ लाच राहिलं तर नोझल निर्दोष, दोष कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा), टॅपेटचा (व्हॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) किंवा पंपाच्या त्या एलिमेंटचा किंवा डिलिव्हरी व्हॉल्वचा (पंपातून नोझलकडं डिझेल सोडणारी झडप). नोझल काढताना बुडाचा तांब्याचा वॉशर त्याच्याबरोबर वर आला का ते बघा, नाहीतर तो आतच चिकटून राहतो आणि वरून नवीन टाकला की दोन वॉशर होतात, नोझल वर बसतो, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि नवीन नोझल लावूनही गाडी पहिल्यापेक्षा वाईट चालते. वायर वाकडी करून आतलं उकरून काढा, बसायची जागा साफ करा, कार्बन आत पडू देऊ नका. नोझल टपकणारा असला तर त्याची खूण अशी की गार असताना पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर येतो आणि इंजिनात ठोक्यासारखा टक-टक आवाज असतो, आणि ऑइलची पट्टी बघितली तर ऑइल वाढलेलं, पातळ, डिझेलचा वास. तसं असेल तर ऑइलही बदलावं लागेल, नाहीतर बेअरिंगा जातील.

टॅपेट तर मी नोझलच्याही आधी बघतो खरं, कारण त्याला फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि एक दुपार एवढंच लागतं. गार इंजिनवर, इनलेट ०.२०, एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-५-३-६-२-४. इंजिन हातानं फिरवा, ६ चे दोन्ही व्हॉल्व एकदम हलताना दिसले, एक मिटतोय एक उघडतोय, की १ सेट करा. मग २ हलताना ५, ४ हलताना ३, १ हलताना ६, ५ हलताना २, ३ हलताना ४. फिलर गेज जरासा अडत सरकायला हवा, लोण्यातून सुरी गेल्यासारखा पण नाही आणि ओढून काढावा लागेल असा पण नाही. खूप ढिला टॅपेट वाजतो, म्हणून सगळे त्याच्याकडं लक्ष देतात, पण घातक तो घट्ट असलेला, तो वाजत नाही, व्हॉल्व पूर्ण मिटू देत नाही, कॉम्प्रेशन गळतं, स्लोला सिलिंडर पेटत नाही आणि रेसला पेटतं कारण गळायला वेळच मिळत नाही. तुमचं लक्षण याच्याशीही जुळतं, म्हणून हे सोडू नका.

टॅपेट बरोबर, नोझल बरोबर, तरी ३ मेलेलंच, तर ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, धूर दणक्यादणक्यानं येतोय का. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत का. एअर क्लिनरच्या पाइपाशी कान लावून फुस-फुस ऐकू येतं का, येत असलं तर इनलेट व्हॉल्व गळतोय. मग कॉम्प्रेशन गेज लावायचा, आणि एका आकड्यापेक्षा सहांमधला फरक बघायचा. पाच सारखे आणि एक पडलेला असेल तर हेड उतरवायची तयारी ठेवा.

आणि हो, आता पंप. हंटिंग आहे, बुडबुडे एकही नाही, डिझेल स्वच्छ, तर पंपाचा रॅक (डिझेलचं माप कमी-जास्त करणारी सरकती पट्टी) अडकतोय असं धरायचं. चार महिने जुनं डिझेल आत बसलं की चिकटून त्याचा डिंक होतो आणि रॅक जिथं सरसर हलायला हवा तिथं थांबून थांबून हलतो, गव्हर्नर त्याला ओढतो, तो उशिरा येतो, मग जास्त येतो, मग गव्हर्नर परत ढकलतो, तोच पाळणा. त्याहून जुन्या काही गाड्यांत वाऱ्यावर चालणारा गव्हर्नर असतो, पंपाच्या मागं गोल डबी आणि तिला इनटेककडून येणारी नळी. तिथं आत डायफ्राम आहे. इंजिन बंद असताना स्टॉप लिव्हर ओढून धरा, नळीचं तोंड बोटानं बंद करा आणि लिव्हर सोडा, रॅक थोडा सरकून थांबला तर डायफ्राम चांगला, थेट परत गेला तर फाटलाय. फाटलेल्या डायफ्रामची गाडी चालवू नका, इंजिन हाताबाहेर जाऊन पळतं.

पंप पाठवायची वेळ आलीच तर सहा नोझल आणि पंप एकत्र पाठवा, आणि टेस्ट बेंचवर सहा नळकांड्यांत स्लोचं माप सारखं भरतंय का ते समोर उभं राहून बघा. पंपवाले फुल लोडचं माप सगळ्यांना दाखवतात, स्लोचं दाखवत नाहीत, तुमचा त्रास तर स्लोचाच आहे. उतरवायच्या आधी पंपाच्या फ्लॅंजवर आणि इंजिनवर छिन्नीनं एकच रेघ मारून ठेवा, टायमिंग परत तिथंच यायला पाहिजे. उघड्या पाइपांना टोप्या लावा, टोप्या नसतील तर स्वच्छ प्लास्टिक आणि रबर बँड, कापडाचे बोळे नकोत, त्याचे धागे नोझलात जातात. आणि शिशाचं सील असलेल्या स्क्रूला हात लावू नका, स्लोचा स्क्रू वेगळा आहे. तो सगळ्यात शेवटी, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर फिरवायचा. आत्ता थरथर लपवायला कुणीतरी तो आधीच चढवलाय का तेही बघून घ्या, नवीन घासलेल्या धाग्यावरून कळतं.

तर उद्या सकाळी गाडी गार असताना, पहिला सेल्फ मारायच्या आधी, प्रायमर दाबून बघा. दहा-बारा वेळा मऊ गेला आणि मग कडक झाला तर रात्रीत लाइन रिकामी झालीये. आणि टाकी भरू नका, आहे तेवढ्याच डिझेलवर बघा.